डिओ मारण्याआधी



जुना लॅपटॉप घरी येतो, पटकन सुरू होतो, स्क्रीनवर ओरखडा नसतो. घरचे खूश. अर्ध्या तासाने तो तापतो आणि खोलीत शिळ्या सिगारेटचा वास पसरतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून सेकंडहँड मशीन आणणाऱ्यांना हे नवं नाही. दुकानात थंड मशीन पाच मिनिटं बघितलं, तर असा वास जाणवतही नाही. मग कुणीतरी कपाटातून डिओ काढतं.

नेमकं तेच करू नये. आजची मिनिटं त्यासाठीच आहेत.

स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन आठवा. रोजच्या फोडणीची वाफ त्यातून जाते. पात्यांवर चिकटा, चिकट्यावर धूळ, धुळीवर पुन्हा चिकटा. लॅपटॉपच्या पोटातही पंखा असतो. तो हवा ओढतो आणि पातळ पत्र्यांच्या जाळीतून बाहेर फेकतो. आधीचा मालक कीबोर्डसमोर बसून सिगारेट ओढत असेल, तर धुरातलं डांबर आणि निकोटिन त्या जाळीवर, पात्यांवर, बटणांच्या फटींत थर धरतं. मशीन तापलं की त्याच थरातून वास सुटतो. दिवाळीच्या आवराआवरीत एक्झॉस्टवर कुणी अत्तर शिंपडत नाही. तो खाली उतरवतात, पाती सुटी करतात, सोड्याच्या गरम पाण्यात घालतात. लॅपटॉपचा चिकटाही असाच काढावा लागतो, फक्त पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोलने.

मशीन बंद, चार्जर काढलेला. अल्कोहोल मशीनवर ओतायचं नाही. कापड जेमतेम ओलं करायचं, फटींसाठी कापसाची काडी. खिडकी उघडी ठेवायची आणि गॅस पेटलेला नको, कारण अल्कोहोल पटकन पेट घेतं. स्क्रीनला ते लावू नये, वरचा लेप खराब होऊ शकतो. नेलपॉलिश रिमूव्हर तर नकोच. त्यातल्या ॲसिटोनने प्लास्टिक विरघळतं. पंखा आणि जाळी दुरुस्तीवाल्याकडून उघडून घ्यावी. तिथे ब्लोअर मारताना पाती बोटाने धरायला सांगावं, नाहीतर पंखा भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग बिघडू शकतं.

उरलेल्या वासासाठी मशीन बंद डब्यात ठेवून शेजारी वाटीत खायचा सोडा किंवा ॲक्टिव्हेटेड कोळसा ठेवावा. सोडा वाटीतच राहू द्या, कीबोर्डवर भुरभुरू नका.

वास कुठून येतो हे आधी शोधायचं, कारण काही वास पुसून जाणारे नसतातच. 2013 साली डेलच्या लॅटिट्यूड 6430यू या नव्याकोऱ्या मॉडेलला मांजराच्या मुताचा वास येतो, अशा तक्रारी ग्राहकांनी केल्या. काहींनी घरातल्या मांजरावर संशय घेतला. मांजराचा काही संबंध नव्हता. मनगट टेकतो त्या भागाच्या उत्पादनप्रक्रियेत दोष होता, आणि कंपनीला तो भाग बदलून द्यावा लागला.

डिओचा सगळ्यात मोठा धोका पुढेच आहे. लॅपटॉपमधून गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला, तर बॅटरीतला द्रव झिरपत असण्याची शक्यता असते. तो वास म्हणजे मशीनने दिलेली सूचना आहे. तिच्यावर मोगऱ्याचा सुगंध मारला, तर ती ऐकू कशी येणार? पुन्हा सांगायला हवं: आधी हुंगा, जागा शोधा, मग पुसा. एक्झॉस्टमागची वायर जळत असताना कुणी उदबत्ती लावून गप्प बसेल का?

कोकणात पावसाळ्यात बंद कपाटातल्या मशीनला येणारा कुबट वास वेगळा. सिलिका जेलच्या पुड्या तिथे उपयोगी पडतात, पण बुरशी बऱ्याचदा बॅगेच्या अस्तरात असते. बॅग धुऊन कडक उन्हात वाळवा.

आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते; ते मशीन आज रात्री चार्जिंगला लावू नका.