हवेलीचा भाव आणि वावराचा भाव
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



जमीन घेताना सरकार म्हणते, बाजारभावाने पैसे देतो. हा बाजारभाव ठरतो कसा, ते कळण्यासाठी आज अमेरिकेतली एक हवेली बघू.

फ्लोरिडात पाम बीच येथे समुद्राकाठी सुमारे 17 एकरांत मार-ए-लागो ही हवेली आहे. मार्जोरी पोस्ट या धनाढ्य बाईंनी ती 1927 साली पुरी केली. 1985 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी विकत घेतली. पुढे न्यूयॉर्कच्या कोर्टात तिच्या किमतीचा वाद निघाला. 2011 ते 2021 या काळात कर आकारणाऱ्या अधिकाऱ्याने किंमत धरली 1 कोटी 80 लाख ते 2 कोटी 76 लाख डॉलर. मालकाच्या पत्रकांत आकडा होता 42 ते 61 कोटी. हवेली तीच, फरक वीसपटीहून जास्त!

हा फरक भिंतींत नाही, कागदांत आहे. 1995 आणि 2002 च्या दस्तांनी मालकाने प्लॉट पाडण्याचा आणि क्लबखेरीज दुसऱ्या वापराचा हक्क सोडला होता. त्यामुळे कर हलका झाला. अधिकाऱ्याने क्लबच्या उत्पन्नावरून किंमत काढली. मालकाने बंधन नसल्यासारखा भाव लावला. मालकाची बाजू अशी, की कराची आकारणी म्हणजे बाजारभाव नव्हे. 2023 मध्ये न्यायाधीशांनी मालकाचे आकडे फसवे ठरवले, 2024 मध्ये 35 कोटी डॉलरहून अधिक दंड केला. ऑगस्ट 2025 मध्ये अपील कोर्टाने तो दंड अवाजवी म्हणून रद्द केला.

यातून आपण काय घ्यायचे? किंमत नुसत्या मातीची नसते, मातीवरच्या हक्कांची असते. त्या मालकाने हक्क आपखुशीने सोडले आणि बदल्यात सवलत घेतली. आपले हक्क कायद्याने काढले, पदरात काही पडले नाही. कूळ कायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही. गिऱ्हाईकच तोडले, तर भाव चढणार कुठून? आणि संपादनाच्या दिवशी तोच पाडलेला भाव बाजारभाव म्हणून आपल्या माथी मारतात.

2013 च्या कायद्यात कलम 26 प्रमाणे मुद्रांकाचा सरकारी दर किंवा आसपासच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी चढ्या भावाच्या निम्म्या खतांची सरासरी, यांत जास्त असेल ते धरतात. पण ती खते कुणाची? मुद्रांक वाचवायला आपणच कमी आकड्याने केलेली! एकाने चार पैसे वाचवले, त्यात सगळा गाव बुडाला.

म्हणून तीन कामे करा. खरेदीखतात खरा आकडा लिहा. मोजणीच्या वेळी विहीर, झाडे, पाइपलाइन नोंदवून घ्या. निवाडा पटला नाही तर हरकत नोंदवूनच रक्कम उचला आणि कलम 64 खाली अर्ज करा. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत फक्त सहा आठवडे आहे.

आणि सरकारला एकच सांगा: दया नको, मोबदल्याची मेहेरबानीही नको. जमिनीवरचे हक्क परत द्या, भाव आम्ही बाजारात मिळवू.