छावणी

रायपूरच्या चौबे कॉलोनीतील मराठी कुटुंबांना ‘छावणी’ हा शब्द परका नाही. शहरालगतच्या माना येथे १९६४ साली पूर्व बंगालच्या निर्वासितांसाठी छावणी उघडली. तेथे छावणी म्हणजे आसरा होता. त्याआधी वीस वर्षे, युरोपात याच शब्दाचा अर्थ मृत्यू असा होता.

आलँ रेने या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘रात्र आणि धुके’ हा १९५५ सालचा, अवघ्या ३२ मिनिटांचा अनुबोधपट त्या मृत्युछावण्यांची साक्ष देतो. आउश्वित्सच्या ओसाड बराकी आणि त्यांभोवती वाढलेले गवत रंगांत दिसते. भूतकाळ मात्र कृष्णधवल. निवेदन लिहिणारे जाँ केरोल स्वतः माउटहाउझेनच्या बंदिवासातून वाचलेले. त्यांतील एका छायाचित्रात पहाऱ्यावरच्या फ्रेंच शिपायाची टोपी दिसत होती. शत्रूच्या अंमलात स्वकीयांनीही हातभार लावला, हे सत्य फ्रेंच सेन्सॉरला सोसवले नाही. टोपी झाकावी लागली.

त्याच युद्धातली दुसरी छावणी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती. १९३९ साली जर्मनी व रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. रशियाने हद्दपार केलेले सुमारे ५,००० पोलिश लोक, बहुतांशी स्त्रिया व मुले, १९४३ पासून येथे विसावले. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने उखडलेल्या सिंधी कुटुंबांनी संसार मांडले; तेच आजचे गांधीनगर.

बराकी सर्वत्र सारख्याच. दारावरचा माणूस आलेल्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, त्यावर छावणीचा अर्थ ठरतो. म्हणूनच त्याची टोपी झाकता कामा नये.