दिल्ली ते टोकियो: अंतर एकच, मग परत यायला जास्त वेळ का?

आजचा भाग छोटा आहे. पण जपानला शिकायला किंवा नोकरीला निघाला असाल, तर तिकीट काढण्याआधी ऐकून घ्या.

प्रश्न साधा आहे. दिल्लीहून टोकियो किती लांब आणि विमानाला किती वेळ लागतो?

अंतर सरळ मोजलं तर सुमारे ५,८५० किलोमीटर. वेळेचं मात्र एकच उत्तर नाही. थेट विमानाने जाताना साधारण साडेसात-आठ तास लागतात. येताना साडेनऊ, थंडीत कधी दहाच्या जवळ. मग हे दीड-दोन तास जातात कुठे?

वाऱ्यात! साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा एक पट्टा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात आकाशात फुगे सोडून हा वारा मोजला. जगभर वाचलं जावं म्हणून त्याने १९२६ मध्ये अहवाल एस्परांतो भाषेत छापला. पण ती भाषा येणारेच थोडे, त्यामुळे बाहेर फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

आता हिशोब बघा. विमानाचा वेग ताशी ८५० धरा आणि वाटेत सरासरी १०० चा वारा. जाताना वारा पाठीशी, म्हणजे ९५०. येताना वारा समोरून, म्हणजे ७५०. जायला सहा तास दहा मिनिटं, यायला पावणेआठच्या थोडं पुढे. त्यात उड्डाण, उतरणं आणि वळणाचा मार्ग मिळवला की खऱ्या वेळेच्या आसपास येतो.

खरी फसगत तिकिटावर होते. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे आणि तिकिटावर त्या त्या गावाची वेळ छापलेली असते. समजा दिल्लीहून रात्री ८ ला निघालात आणि सकाळी ७ ला टोकियोत उतरलात. दिसतात अकरा तास, पण प्रवास साडेसात तासांचाच. परतताना सकाळी साडेअकराला निघून संध्याकाळी साडेपाचला दिल्ली. दिसतात सहाच तास, पण तुम्ही सीटवर बसता साडेनऊ तास! म्हणजे जो प्रवास मोठा, तोच कागदावर छोटा दिसतो.

म्हणून मी दोनच गोष्टी सांगेन. एक, तिकीट बघताना 'एकूण कालावधी' वाचा, नुसत्या सुटण्या-पोचण्याच्या वेळा नकोत. औषधं वेळेवर घ्यावी लागणाऱ्यांनी तर नक्कीच.

दोन, दिल्लीहून पुढे पुण्याचं किंवा नागपूरचं विमान वेगळ्या तिकिटावर काढलं असेल, तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. इमिग्रेशन, बॅग, कस्टम्स आणि मग पुन्हा चेक-इन, हे सगळं उरकावं लागतं. पहिलं विमान समोरच्या वाऱ्याने किंवा जानेवारीतल्या धुक्याने लांबलं, तर वेगळ्या तिकिटावरचं दुसरं विमान तुमच्यासाठी थांबत नाही, आणि नव्या तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जातात. थंडीत येणार असाल तर मी म्हणेन, पुढचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचंच घ्या.

आणि घरी उतरण्याची वेळ कळवताना 'भारतीय वेळ' एवढे दोन शब्द जोडा. आई उगाच साडेतीन तास काळजी करत बसणार नाही.

भेटू पुढच्या भागात!