कानातून बोटांकडे: पियानोच्या पहिल्या वर्षांविषयी



पाचगणीतल्या या पियानोशिक्षक-संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही माझ्याकडे सोपवलंत, त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे. मी मैफलींची कलावंत नाही. लहान मुलांना पियानो शिकवणं हेच माझं काम. तेव्हा हा मान मी नवशिक्यांना शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांच्या वतीने स्वीकारते आणि आज त्यांच्याच कामाविषयी बोलते: पियानोच्या पहिल्या दोन-तीन वर्षांविषयी.

माझं म्हणणं आधीच मांडते. मुलाच्या बोटांना पहिला धडा त्याच्या कानात आधीपासून असलेल्या संगीतातून मिळायला हवा. मराठी घरातलं मूल आपल्याकडे येतं तेव्हा त्याने पाळणे ऐकलेले असतात, आरत्या म्हटलेल्या असतात, भोंडल्यात फेर धरलेला असतो, शाळेत लेझमीच्या तालावर पावलं टाकलेली असतात. एवढी शिदोरी घेऊन आलेल्या मुलाला काहीच येत नाही असं धरून आपण पुस्तकाचं पहिलं पान उघडतो. हे बदललं पाहिजे.

पाचगणीत हा विषय काढायला कारण आहे. एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन यांनी हे गाव वसवलं, कारण महाबळेश्वरच्या पावसात राहणं अवघड होतं आणि इथे वर्षभर राहता येत होतं. त्याच हवेमुळे निवासी शाळा आल्या आणि शाळांबरोबर प्रार्थनागीतं आणि पियानो आले. 1946 साली झांजिबारमध्ये जन्मलेला फारूख बलसारा नावाचा पारशी मुलगा वयाच्या आठव्या वर्षी आईवडिलांपासून दूर इथल्या सेंट पीटर्स शाळेत राहायला आला. त्याचा गळा आणि कान मुख्याध्यापकांच्या लक्षात आले. थोडी जास्त फी भरून याला संगीत शिकवावं, असं त्यांनी आईवडिलांना पत्राने सुचवलं आणि त्यांनी ते मानलं. फारूख लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्ही परीक्षांत चौथ्या ग्रेडपर्यंत पोहोचला. 1958 च्या सुमारास त्याने चार शाळासोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला आणि त्यात तो पियानो वाजवू लागला. पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाने त्याला ओळखलं. 1975 च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’मधला पियानोही त्याच्याच हातचा आहे.

ही हकिकत पाचगणीला पाठ आहे. पण शिक्षक म्हणून तिच्यातून आपण काय घ्यायचं? परीक्षेच्या वाटेवर हा मुलगा आठापैकी चौथ्या पायरीपर्यंत गेला. रेडिओवर ऐकलेली चाल तो थेट पियानोवर उचलत असे, असं त्याचे शाळासोबती सांगत आले आहेत. म्हणजे वर्गातला धडा आणि कानावर पडणारं गाणं ही दोन्ही शिक्षणं एकाच वयात, एकाच वाद्यावर शेजारी शेजारी चालू होती. प्रत्येक मूल फ्रेडी होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. पण ही दोन शिक्षणं प्रत्येक मुलाला एकत्र देणं आपल्या हातात आहे.

युरोपातल्या थोर संगीतकारांनी मुलांसाठी जे लिहिलं, त्याचा पायाही हाच आहे. बाखने 1720 मध्ये आपल्या नऊ वर्षांच्या थोरल्या मुलासाठी एक वही सुरू केली. तिच्यातल्या काही रचना पुढे दोन स्वरपंक्तींच्या पंधरा ‘इन्व्हेन्शन्स’ झाल्या. 1723 च्या प्रतीला त्याने छोटं निवेदन जोडलं आहे. दोन स्वरपंक्ती स्वच्छ वाजाव्यात, शिकणाऱ्याला स्वतःच्या कल्पना सुचाव्यात आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हात गाता व्हावा, हे हेतू तो तिथे सांगतो. शूमानने 1848 मध्ये थोरल्या मुलीच्या सातव्या वाढदिवसासाठी काही छोट्या रचना केल्या. त्यांतून त्रेचाळीस रचनांचं ‘आल्बम फॉर द यंग’ तयार झालं. या बापांना मुलांची बोटं तर घडवायची होतीच, पण बोटांच्या आधी त्यांना मुलांना संगीत द्यायचं होतं.

आपल्याला सर्वांत जवळचा आहे तो हंगेरीचा बेला बार्तोक. खेडोपाडी फिरून त्याने लोकगीतं गोळा केली आणि 1908-09 मध्ये हंगेरियन व स्लोव्हाक चालींवर मुलांसाठी पंच्याऐंशी सोप्या रचना लिहिल्या. पुढे त्याने ‘मिक्रोकॉस्मोस’चे सहा भाग केले. एकशे त्रेपन्न रचना, पहिली अगदी पाच बोटांत मावणारी आणि शेवटची मैफलीच्या तोडीची. त्यातले पहिले दोन भाग त्याने आपल्या मुलाला, पेटेरला, अर्पण केले. आपल्या मातीतल्या चाली आणि पियानोचं काटेकोर शिक्षण यांत विरोध नाही, हे त्याने करून दाखवलं. मराठीत असं काम अजून व्हायचं आहे.

त्याची सुरुवात कुठून करता येईल, ते सांगते. आपल्या पेटीवाल्यांची भाषा वापरते, कारण ती घराघरात कळते. पियानोवरच्या एका सप्तकातल्या पाच काळ्या पट्ट्या घ्या; दोनच्या गटापासून डावीकडून मोजल्या की त्या काळी एक ते काळी पाच. काळी तीनला षड्ज धरून क्रमाने पाचही वाजवल्या की भूपाचे स्वर मिळतात: सा रे ग प ध. त्याच पाच पट्ट्या, पण षड्ज काळी एक: दुर्गा. षड्ज काळी पाच: मालकंस. काळी दोनपासून धानी आणि काळी चारपासून मध्यमाद सारंगाचे स्वर. आपल्या संगीतात मूर्च्छनेचा, म्हणजे त्याच स्वरांत षड्ज हलवण्याचा, विचार शतकानुशतकं चालत आला आहे, तो सहा वर्षांच्या मुलाला पहिल्या महिन्यात स्वतःच्या बोटांनी अनुभवता येतो. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, चलनाशिवाय राग उभा राहत नाही, हे मला मान्य आहे. इथे आपण राग शिकवत नाही. षड्ज हलला की त्याच स्वरांचा चेहरा कसा बदलतो, हे मुलाला ऐकायला शिकवतो.

आता डाव्या हाताला काम द्या. भूपासाठी सा आणि प एकत्र दाबून धरायचे, तंबोऱ्यासारखे. मालकंसात पंचम नाही, तिथे सा आणि म. उजव्या हाताने मुलाने आधी गाऊन दाखवलेली ओळ वाजवायची, मग शिक्षकाने तशीच एक ओळ वाजवायची आणि मुलाने तिला उत्तर द्यायचं. काळ्या पट्ट्यांवर विसंवादी स्वर जवळजवळ लागतच नाही, म्हणून मूल न घाबरता स्वतःची चाल रचू लागतं. त्या वेळी शिक्षकाने ठेका धरावा, कधी भजनी, कधी दादरा. लय अंगात मुरली की मात्रा मोजायला शिकवणं सोपं जातं.

हाताच्या ठेवणीलाही हे हितकारक आहे. शोपँ आपल्या शिष्यांचा हात पट्ट्यांवर बसवताना अंगठा पांढरी तीनवर, मधली तीन बोटं काळी तीन, चार, पाचवर आणि करंगळी पांढरी सातवर ठेवायला सांगत असे. लांब बोटं उंच पट्ट्यांवर आणि आखूड बोटं खालच्या पट्ट्यांवर आली की पंजा आपोआप मोकळा, गोलसर बसतो. पांढऱ्या पट्ट्यांवर पाचही बोटं एका रेषेत आणायला मुलाला बोटं ओढून घ्यावी लागतात आणि मनगट ताठरतं. कोपर पट्ट्यांच्या उंचीवर येईल असं बैठक उंच करणं, पाय लोंबकळत असतील तर खाली पाट देणं, खांद्यातून वजन सोडायला शिकवणं, ही कामं पहिल्याच तासाला करायची असतात. नंतर ती दुरुस्त करायला वर्षं लागतात.

तुमच्यापैकी कुणी विचारील की काळ्या पट्ट्यांवरची ही ओळ पाच रेघांच्या लिपीत लिहायची तर सहा शार्प लागतील, ती मूल वाचणार कसं? ते त्याने वाचायचं नाही. हा भाग कानाने शिकायचा. वाचन त्याच सुमारास, पण वेगळं आणि पांढऱ्या पट्ट्यांवर सुरू करावं आणि ते नेमाने करावं. कानाची तरफदारी करताना वाचनाची हेळसांड झालेली मला चालणार नाही. वाचता न येणाऱ्या मुलाला बाखच्या घराचं दार उघडत नाही. क्रम मात्र असा असावा: ऐकणं, गाणं, वाजवणं आणि मग त्याचीच खूण कागदावर पाहणं.

यानंतर येतात ते अभ्यासपाठ. बेथोव्हनचा शिष्य आणि लिस्टचा गुरू असलेल्या कार्ल चेर्नीने नवशिक्यांसाठी जेवढं लिहिलं, तेवढं क्वचितच कुणी लिहिलं असेल. त्याचं ओपस 599 आजही आपल्या वर्गांत आहे. बुर्गम्यूलरचे ओपस 100 मधले पंचवीस पाठ मला विशेष प्रिय आहेत, कारण त्यातल्या प्रत्येक पाठाला नाव आहे, भाव आहे आणि एकच नेमका तांत्रिक मुद्दा आहे. ‘अराबेस्क’ शिकताना मूल सोळाव्या भागाचे स्वर झटक्यात आणि सारखे वाजवायला शिकतं, आणि त्याला ते गोष्ट सांगितल्यासारखं वाटतं. आनोंचे 1873 मधले साठ व्यायाम हे औषध आहे. गरज पडेल तिथे, मोजून द्यावं. लक्ष दुसरीकडे ठेवून केलेल्या तासभराच्या आवर्तनांनी बोटं थकतात आणि कान झोपतो. आपल्या गुरूंनी पलटे घोटून घेतले ते प्रत्येक स्वर ऐकत, आकारात, लयीच्या शिस्तीत. पाच बोटांचा व्यायामही तसाच करून घ्यावा: आधी म्हणायचा, मग वाजवायचा.

परीक्षांविषयी स्पष्ट बोलते. लंडनच्या ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या मंडळांच्या परीक्षांनी आपल्या वर्गांना अभ्यासक्रम आणि मापदंड दिले. आपल्याकडे 1931 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने प्रारंभिकपासून पुढच्या परीक्षा घेऊन हेच काम केलं, आणि त्या परीक्षांचा कारभार शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मिरजेतून चालत आला आहे.  परीक्षा वाईट नाही. पण वर्षभर तीनच रचना वाजवून, त्या पाठ करून, गुण मिळवून मूल पुढच्या ग्रेडला जातं, तेव्हा ते वर्ष वाया गेलेलं असतं. परीक्षेच्या तीन रचनांभोवती वीस-पंचवीस छोट्या रचना वाजवलेल्या असाव्यात. आणि पहिल्या दोन वर्षांत परीक्षा नसावीच, अशी पालकांना माझी हात जोडून विनंती आहे.

पट्ट्यांच्या वाद्यावर मींड नाही, श्रुती नाहीत, हा आक्षेप जुना आणि खरा आहे. याच कारणावरून आकाशवाणीने 1940 पासून सुमारे तीन दशकं पेटीला दूर ठेवलं. तरीही गोविंदराव टेंब्यांच्या आणि त्यांच्या वारसदारांच्या हातात पेटी मराठी नाट्यसंगीताचा श्वास झाली. आपण पियानोकडून मींड मागू नये. त्याच्याकडे जे आहे ते घ्यावं: दोन हातांनी दोन स्वरपंक्ती, बोटाच्या दाबाने हलका-भारी होणारा आवाज, सात सप्तकांहून मोठा विस्तार. स्वर सरळ उभे राहतात अशाच चाली निवडाव्यात. ओवी, पाळणा, भोंडल्याची गाणी यांचा स्वरविस्तार बहुधा लहान असतो आणि ती लहान पंजाला पेलतात.

शेवटी वाद्याविषयी. पियानोत दोनशेहून अधिक तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. पावसाळ्यात या डोंगरावरची दमट हवा ध्वनिफलकात शिरते, लाकूड फुगतं, सूर चढतात, नमदा जड होतो, तारांना गंज लागतो. उन्हाळ्यात सगळं उलट होतं. बेसूर पियानोवर शिकणाऱ्या मुलाचा कान आपणच बिघडवत असतो. वर्षातून किमान दोनदा, पाऊस सरल्यावर आणि उन्हाळ्याआधी, पियानो जुळवून घेणं हा शाळांच्या अंदाजपत्रकातला पक्का खर्च असायला हवा. घरी पियानो घेणं परवडत नसेल तर अठ्ठ्याऐंशी वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो चालेल, पण हलक्या पट्ट्यांच्या छोट्या कीबोर्डवर हात घडत नाही.

या सगळ्यांतून तीन कामं संमेलनापुढे ठेवते. पहिलं, मराठी चालींवर आधारलेलं, सोप्यापासून अवघडाकडे जाणारं पियानोचं पहिलं पुस्तक. त्यासाठी पियानोशिक्षक, गायक आणि लोकगीतांचे अभ्यासक यांनी एकत्र बसावं, आणि त्याच्या शेजारी बाख, बुर्गम्यूलर, बार्तोक यांचे पाठ असावेत. दुसरं, पियानो जुळवणाऱ्या कारागिरांचं प्रशिक्षण. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतार-तंबोरे घडवणारी घराणी आहेत, त्यांच्या वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. लाकूड, तार आणि सूर यांची इतकी जाण दुसरीकडे शोधायला जाण्याची गरज नाही. त्यांच्या तरुण मुलामुलींना हे काम शिकवण्याची सोय आपण करू. तिसरं, नवशिक्यांचे वर्ग संस्थेतल्या सर्वांत अनुभवी शिक्षकाकडे द्यावेत आणि त्या कामाचा मोबदला वरच्या ग्रेडच्या शिक्षकाइतकाच असावा. पाया घालणाऱ्याला कमी लेखणारी संस्था फार उंच जात नाही.

मुख्याध्यापकांच्या एका पत्राने इथे एका मुलाचं आयुष्य वळलं. अशी पत्रं लिहिणारे, मुलाचा कान ओळखणारे शिक्षक प्रत्येक तालुक्यात असावेत, यासाठी हे संमेलन भरलं आहे, असं मी मानते. पुस्तकाच्या समितीत काम करायला मी आजच माझं नाव देते. तुमच्यापैकी ज्यांना शक्य आहे त्यांनी आज दुपारच्या सत्रात आपलं नाव नोंदवावं, आणि पुढच्या संमेलनात त्या पुस्तकातले पहिले पाठ मुलांच्याच हातून वाजवून घ्यावेत.