शाळा, शिक्षक आणि यंत्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी निधीतून रविवारच्या मराठी वर्गासाठी एक मोठा ‘स्मार्ट बोर्ड’ विकत घ्यावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. तीसाठी दीड लाख रुपयांचा अंदाज मांडला आहे. सूचना करणाऱ्या तरुण सभासदांच्या हेतूविषयी आमच्या मनात यत्किंचितही शंका नाही. तथापि या विषयावर बोलण्याची जबाबदारी चिटणीसांनी आमच्यावर टाकली तेव्हा, निर्णय होण्यापूर्वी पन्नास वर्षे मागे जाऊन यावे असे आम्हांस वाटले. आपले मंडळ स्थापन झाले ते १९७५ साली, आणि त्याच साली या बिलासपूर जिल्ह्यातील खेड्यांत शाळेच्या दारी एक मोठे यंत्र येऊन उभे राहिले होते.

‘साईट’ या संक्षिप्त नावाने तो प्रयोग ओळखला जातो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे बरोबर एक वर्ष अमेरिकेचा ‘एटीएस-६’ हा उपग्रह आपल्या देशाला वापरावयास मिळाला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले. तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हा आपला पट्टा त्यांत होता. स्वप्न डॉ. विक्रम साराभाई यांचे. १९६९ साली अमेरिकेशी करार झाला, आणि १९७१ च्या डिसेंबरात साराभाई गेले. पुढे ज्यांनी हा भार वाहिला त्यांत प्रा. यशपाल होते, मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते, पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे होते. मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून ही शेवटची दोन नावे घेताना आवाज किंचित चढला, तर तो क्षम्य मानावा.

उपग्रहाकडून येणारे चित्र पकडण्यासाठी तीन मीटर व्यासाची तबकडी लागे, आणि ती बनविलेली असे तारेच्या जाळीची. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात, तसल्या जाळीची. सकाळी शाळेच्या वेळात ५ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी साडेबावीस मिनिटांचा कार्यक्रम होई. तो हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उडिया या चार भाषांतून असे. एका चित्राबरोबर दोन ध्वनिमार्ग पाठविण्याची सोय होती, म्हणून तेच चित्र एका राज्यात एका भाषेतून आणि दुसऱ्यात दुसऱ्या भाषेतून ऐकविता येई. शिक्षकांनाही विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण याच उपग्रहाद्वारे देण्यात आले.

हा सारा तपशील पुस्तकांतून मिळतो. जे पुस्तकांत नाही ते आम्हांस आपल्याच मंडळातील एका ज्येष्ठ गुरुजींकडून मिळाले. पंच्याहत्तरी ओलांडलेले हे गुरुजी इथेच दुसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांनी आपले नाव घेण्यास मनाई केली आहे. त्या वर्षी ते या जिल्ह्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते आणि शाळेतील संचाची किल्ली त्यांच्याकडे असे. पहिल्या दिवशी मुलांबरोबर निम्मे गाव वर्गात शिरले. महिन्याभरात गर्दी ओसरली आणि मुले तेवढी उरली. एका सकाळी पडद्यावर पाण्याची वाफ कशी होते ते दाखवीत होते. एका मुलीने हात वर केला. भाताच्या पातेल्यावरचे झाकण हलते तेही यामुळेच का, असे तिला विचारायचे होते. गुरुजी तिच्याकडे वळले, पण संचातील बाई बोलतच राहिल्या. गुरुजींनी मुलीला बोटाने गप्प राहण्याची खूण केली. “आमच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत मुलाचा प्रश्न आम्ही हाताने दाबला तो तेवढाच,” असे ते आम्हांला म्हणाले.

त्यानंतर त्यांनी एक रीत पाडली. कार्यक्रमाआधी ते फळ्यावर तीन शब्द लिहीत, आणि तेही हिंदीच्या बाजूला छत्तीसगढी प्रतिशब्द देऊन. कारण संचातील हिंदी या मुलांच्या घरातली हिंदी नव्हती. ज्याला प्रश्न पडेल त्याने पाटीवर एक रेघ ओढून ठेवायची. संच बंद झाला की रेघांचा हिशेब व्हायचा. कार्यक्रम साडेबावीस मिनिटांचा, आणि रेघांचा हिशेब कधी कधी तासभर चाले.

प्रयोगाची शास्त्रीय तपासणीही झाली. मुलांच्या भाषेत आणि कुतूहलात वाढ दिसली. शालेय विषयांच्या परीक्षेत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही, असा तिचा एकंदर सूर होता. यावरून प्रयोग फसला असे म्हणणारे लोक आहेत. आम्हांस ते मान्य नाही. संच सर्वांकडे सारखाच होता, रेघांचा हिशेब सर्वत्र नव्हता. आणि परीक्षेत तो मोजताही येत नाही. वर्ष संपल्यावर उपग्रह त्याच्या धन्याकडे परत गेला. पुढे २००४ साली केवळ शिक्षणासाठी आपला स्वतःचा ‘एज्युसॅट’ गेला. त्यात विद्यार्थ्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय होती. २०१० साली त्याचेही काम संपले.

आता थोडे आमच्याविषयी, आणि ते काही भूषणावह नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका राज्यात बदलीवर असताना आम्ही एका शाळेच्या समितीवर पदसिद्ध सभासद होतो. त्या शाळेला असेच दोन बोर्ड मिळाले. आमच्यापुढे जो नमुना आला त्यात ‘बसविले किंवा नाही’ एवढाच रकाना होता. आम्ही ‘बसविले’ लिहून सही केली. वर्षाने पुन्हा गेलो तो बोर्डावर भरतकाम केलेला सुंदर पडदा, खोलीला कुलूप आणि किल्ली शिपायाच्या घरी. शिक्षिका म्हणाल्या, “साहेब, बिघडला तर भरपाई आमच्याकडून घेतील.” दुरुस्तीसाठी कोणाला बोलवायचे ते कोणासही ठाऊक नव्हते. किती तास शिकवले गेले, असा रकाना त्या नमुन्यात असता तर आम्हांस सही करवली नसती. तो रकाना मागून घेण्याचे आम्हांस सुचले नाही, हा दोष सर्वस्वी आमचा. साईटमधील संचांसाठी दुरुस्तीची केंद्रे मुद्दाम उभारली होती, हे आम्ही पुढे वाचले तेव्हा त्या पडद्याची आठवण झाली.

यंत्राविरुद्ध बोलण्यासाठी आम्ही उभे नाही. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा आपल्या राज्याने ‘पढ़ई तुंहर दुआर’ ही योजना काढली. ती संगणकजाळ्यावर चालणारी. आणि बस्तरसारख्या भागात ते जाळेच पोचत नव्हते. तेव्हा कोठे ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविले, कोठे गल्लीत, पारावर वर्ग भरविले. ‘बुलटू के बोल’ हा प्रकार तर आम्हांस विशेष आवडला. बुलटू म्हणजे ब्लूटूथ. छत्तीसगढी जिभेने त्याला आपलासा करून घेतला. ध्वनिमुद्रित धडे एका मोबाईलमधून दुसऱ्यात द्यायचे, आणि ज्याला जेव्हा हवे तेव्हा त्याने ऐकायचे. साधन अगदी किरकोळ. पण मुलाला ते थांबविता येते, मागे नेता येते. गुरुजींच्या संचाला हे जमत नव्हते. स्मार्ट बोर्डाला जमते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. मात्र कोणत्या क्षणी थांबायचे, हे खोलीत उभ्या असलेल्या माणसालाच कळते. वर हात कोणाचा गेला ते त्यालाच दिसते.

आपल्या रविवारच्या वर्गात तेवीस मुले आहेत. दोन भगिनी गेली नऊ वर्षे विनामोबदला त्यांना शिकवीत आहेत. रिक्षाचे भाडेदेखील पदरचे. मुलांची घरची भाषा आता बहुतेक हिंदी झाली आहे. गेल्या महिन्यात ‘माझी आजी’ या विषयावर निबंध लिहून आणावयास सांगितले होते. एका मुलाने शुद्ध, निर्दोष मराठीत दोन पाने आणली. त्यातील आजी कोकणातल्या वाड्यात राहत होती, विहिरीचे पाणी शेंदत होती आणि अंगणात फणस होता. प्रत्यक्षात त्याची आजी इथल्या रेल्वे वसाहतीत त्याच्या शेजारच्या खोलीत झोपते आणि मूळची आहे वऱ्हाडातली. निबंध मोबाईलमधल्या यंत्राने लिहून दिला होता. मुलावर रागावण्यात अर्थ नव्हता. आजीशी बोलण्यापुरते मराठी त्याच्यापाशी नव्हते, हेच त्याचे दुःख. बाईंनी त्याला त्याच मोबाईलवर आजीचे बोलणे पाच मिनिटे ध्वनिमुद्रित करून आणावयास सांगितले. पुढच्या रविवारी तेवीस मुलांनी वऱ्हाडी ऐकले. न कळलेल्या शब्दापाशी बाई थांबत. सात वेळा थांबावे लागले, आणि सातही वेळा मुलालाच घरी जाऊन अर्थ विचारून यावे लागले.

म्हणून आमची सूचना पुढीलप्रमाणे आहे. दीड लाखांपैकी मोठा भाग ठेव म्हणून बँकेत ठेवावा आणि व्याजातून त्या दोन भगिनींना निदान येण्याजाण्याचा खर्च व अल्प मानधन द्यावे. बालभारतीची पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यांच्यासाठी आणि ध्वनिमुद्रणासाठी एक साधा संच आणि ध्वनिवर्धक पुरेसा आहे. तो बिघडला तर कोण दुरुस्त करील त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक कपाटाच्या दारावर चिकटवावा. किल्ली बाईंकडे राहावी. वहीत एकच रकाना असावा: आज किती प्रश्न आले. वर्षअखेर ती वही सभेपुढे ठेवावी; आणि तेव्हाही सभासदांना मोठा बोर्ड हवासा वाटला, तर त्या ठरावाला अनुमोदन आम्ही देऊ.

पहिले ध्वनिमुद्रण गुरुजींचे करावे असे ठरते आहे. पन्नास वर्षांपूर्वीची ती वाफेची गोष्ट ते मुलांना मराठीतून सांगतील. त्यांनी होकार दिला आहे. फक्त मुद्रण रिकाम्या खोलीत न करता मुलांसमोर करावे, अशी त्यांची अट आहे, आणि कार्यकारिणीने ती मान्य केली आहे.