हद्दीची रेघ कोण ओढतं?
(शिबिरातलं भाषण)



मत आहे पण मताला वजन नाही, असं होतं का? होतं. अमेरिकेत युटा राज्यात सॅन ह्वान काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. तिथं जवळपास निम्मे लोक आदिवासी, बहुतेक नावाहो. कारभारी मंडळावर जागा तीन. हद्दी अशा आखल्या, की एक मतदारसंघ जवळपास सगळा नावाहोंचा. मतं ढीगभर, माणूस निवडून येणार एकच. उरलेल्या दोन जागा गोऱ्यांच्या.

2012 साली नावाहो कोर्टात गेले. 2016 मध्ये कोर्टानं त्या हद्दी घटनाबाह्य ठरवल्या. 2017 अखेर नवा नकाशा आला, 2018 ला दोन नावाहो निवडून आले. बेअर्स इअर्स या पूर्वजांच्या भूमीच्या संरक्षणाला जे मंडळ विरोध करायचं, तेच 2019 मध्ये संरक्षणाच्या बाजूनं उभं राहिलं.

पण यात सहा-सात वर्षं गेली. म्हणून सांगतो, आपल्या ग्रामपंचायतीच्या प्रभागांचा कच्चा नकाशा लागला, की लगेच बघा. कुठला पाडा कुठं जोडलाय, कुठला तोडलाय, मोजा. मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या. नकाशा पक्का झाल्यावर बोंबलून काय उपयोग?

जिंदाबाद!