निवडणे आणि गाळणे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



रसायनशास्त्र म्हटले की आपण बिचकतो. पण तांदूळ निवडणे, पीठ चाळणे, घुसळून लोणी काढणे हे सारे मिश्रणातील पदार्थ वेगळे करण्याचेच उद्योग. मिश्रणात प्रत्येक पदार्थ आपला गुण सोडीत नाही. मिठात वाळू आली तर माझ्या सासूबाई ते पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळीत व पाणी आटवीत. वाळू फडक्यावर, मीठ पातेल्यात! शाळेत त्या कधी गेल्या नव्हत्या.

खरी पंचाईत पुढेच आहे. डाळीतला खडा दिसतो. तेलात मिसळलेले तेल दिसत नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. लोकांच्या पायांना सूज आली, धाप लागू लागली. साठाहून अधिक माणसे दगावली. दोन तेले एकजीव झाल्यावर चाळणी काय करणार आणि फडके काय करणार?

बी असते तोवर मात्र निवडता येते. मोहरी गुळगुळीत, धोत्र्याची बी खडबडीत. चिरडली तर मोहरी आतून पिवळी, धोत्र्याची पांढरी. हा काटेरी पानांचा, पिवळ्या फुलांचा धोत्रा आपल्याकडेही रस्त्याकडेला उगवतो.

दोन्ही बिया मी वाट्यांतून आणल्या आहेत. सभा संपल्यावर भिंगातून पाहाव्यात. तोंडात मात्र कोणी घालू नये, आणि चहापूर्वी हात धुवावेत.